चिरुटांच्या जुन्या पेटीतील वास

जुन्या बाजारात विकत घेतलेल्या लाकडी वस्तूबरोबर पहिल्या मालकाच्या घरातील वासही नव्या घरी येतो. कपाटाच्या बाबतीत तो सहन करता येतो. परंतु चिरूट ठेवण्याच्या पेटीच्या, म्हणजे ह्यूमिडॉरच्या बाबतीत तसे चालत नाही. तंबाखूचे पान शेजारचा वास चटकन उचलते आणि मग तो धुराबरोबर तोंडात येतो.

अशा जुन्या पेट्यांना कधीकधी केवढे मोल येते! 1961 साली विनोदी नट मिल्टन बर्ल यांनी राष्ट्राध्यक्ष केनेडींना भेट दिलेली पेटी 1996 साली न्यूयॉर्क येथे सदबीजच्या लिलावात 5,74,500 डॉलरना विकली गेली. संग्राहकाला पेटीचा इतिहास पुरतो. सामान्य ग्राहकाला मात्र ती वापरावयाची असते, आणि तिथेच वासाचा प्रश्न उभा राहतो.

या पेट्यांना आतून बहुधा ‘स्पॅनिश सीडर’ नावाच्या लाकडाचे अस्तर असते. नाव सीडर असले तरी हे झाड देवदाराच्या जातीचे नव्हे. ते अमेरिका खंडातील असून आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे. त्याचा मंद सुवास तंबाखूशी जुळतो. आतील बाजूला रोगण लावलेले नसते, कारण लाकडाने ओलावा शोषावा व सावकाश परत द्यावा आणि हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा 70च्या आसपास राहावी, अशी ती योजना असते. जी सच्छिद्रता ओलावा धरते, तीच वासही धरून ठेवते. पेटीचा गुण आणि तिचा दोष यांचे मूळ असे एकच आहे.

म्हणून प्रथम वास ओळखावा. तो शिळ्या तंबाखूचा आहे, बुरशीचा आहे, डांबरगोळ्यांचा आहे की अत्तराचा? पेटीतील स्पंज व ओलावा देणारे जुने साधन काढून टाकावे. पुष्कळदा खरे मूळ तेच असते. नंतर मऊ ब्रशाने धूळ काढावी. बुरशी असल्यास हे काम घराबाहेर, नाकाला फडके बांधून करावे. मग झाकण उघडे ठेवून पेटी आठ-पंधरा दिवस वाऱ्याच्या जागी सावलीत ठेवावी. डांबरगोळीतील नॅफ्थलीन स्वतःच वाफ होऊन उडते. त्याला उबदार, खेळती हवा मिळाली म्हणजे झाले. कडक उन्हाचा मोह मात्र टाळावा. त्याने पातळ अस्तर उचलते व सांधे उकलतात.

एवढ्याने भागले नाही तर सक्रिय कोळसा वापरावा. कोकण-गोव्यात चुलीत जाणाऱ्या नारळाच्या करवंटीपासूनही तो तयार होतो. त्याच्या एका ग्रॅमच्या अंगी इतकी सूक्ष्म छिद्रे असतात, की त्यांचा एकूण पृष्ठभाग 500 चौरस मीटरहून अधिक भरतो. वासाचे कण या पृष्ठभागाला चिकटून राहतात. उथळ बशीत हा कोळसा ठेवून पेटी दोन-तीन आठवडे बंद करावी. शेगडीतील साध्या कोळशाची शक्ती यापेक्षा पुष्कळच कमी असते. आंबूस वासावर खाण्याचा सोडाही उपयोगी पडतो. पण तोही बशीतच ठेवावा, लाकडावर पसरू नये.

बुरशीचे डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या फडक्याने पुसावेत. खिडक्या उघड्या असाव्यात व जवळपास विस्तव नसावा. बाहेरच्या पॉलिशवर थेंब पडू देऊ नये, कारण लाखेचे पॉलिश अल्कोहोलमध्ये विरघळते. हट्टी वासासाठी बारीक कानसकागद लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलकेच फिरवावा. अस्तर अगदी पातळ असेल तर तेही करू नये. साबण, फिनेल, कापूर, अत्तर यांपैकी काहीही पेटीत घालू नये. एक वास झाकण्यासाठी दुसरा आणला, की काढावयाचे वास दोन होतात.

काम झाले की नाही, याची परीक्षा सोपी आहे. धुतलेले कोरडे पांढरे सुती फडके दोन दिवस पेटीत बंद ठेवून मग हुंगावे. फडके निर्गंध निघाले, तरच बशीत ऊर्ध्वपातित पाणी ठेवून लाकडाला सावकाश ओलावा द्यावा. आर्द्रता शेकडा 75च्या पुढे जाऊन तशीच टिकली, तर बुरशीला पुन्हा आमंत्रण मिळते. बेळगाव-गोव्याकडील पावसाळ्यात बाहेरची हवाच त्याहून दमट असते. तेव्हा हा उद्योग तेथे थंडीत काढावा. इंदूर-ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात उलट भीती असते, लाकूड फार वाळून तडकण्याची.

केनेडींच्या त्या पेटीवर आरोग्याची शुभेच्छा कोरलेली होती. 1964 साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूम्रपानावरील अहवाल प्रसिद्ध झाला; आणि चिरुटाच्या धुरानेही तोंडाचा व घशाचा कर्करोग होतो, हे आज निश्चित ठाऊक आहे. त्यामुळे अशा पेटीत आता पत्रे, लेखण्या किंवा घड्याळे ठेवणे अधिक शहाणपणाचे. तसे करावयाचे असल्यास पाण्याची बशी आत ठेवू नये. दोन महिन्यांच्या खटाटोपानंतरही थोडा वास उरला, तर पत्रांचे त्याने फारसे बिघडत नाही. आणि कारागिराने मन लावून जुळवलेली एक चांगली पेटी मात्र अडगळीत जाण्यापासून वाचते.