संगणक खरेदी : संचातील मेळ महत्त्वाचा



शाळेसाठी किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयासाठी नवा संगणक घ्यावयाचा ठरला, की पहिली विचारणा बहुधा प्रोसेसरची होते. तो कोणत्या कंपनीचा, कितव्या पिढीचा, एवढ्यावरच दरपत्रकांची तुलना केली जाते. ही विचारणा चुकीची नव्हे. पण ती अपुरी आहे. संगणक ही एकच वस्तू नसून तो अनेक घटकांचा संच आहे. त्या संचाची चाल त्यातील सर्वांत दुबळ्या घटकावर अवलंबून असते. दमदार बैलाच्या जोडीला थकलेला बैल जुंपला, तर गाडी थकलेल्याच्याच चालीने जाते.

संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेल्या विचारातून निघालेला नियम हेच सांगतो. एखाद्या कामात निम्मा वेळ प्रोसेसरला लागत असेल आणि निम्मा वेळ इतर घटकांची वाट पाहण्यात जात असेल, तर प्रोसेसर कितीही वेगवान केला तरी ते काम दुपटीहून अधिक जलद होऊ शकत नाही. अशा वेळी अधिक महाग प्रोसेसरवर केलेला खर्च बव्हंशी वाया जातो.

म्हणून प्रथम कामाचे स्वरूप ठरवावे. ई-ग्रामस्वराजवरील नोंदी, दाखले, मराठी पत्रव्यवहार, वर्गात चित्रफिती दाखविणे, या कामांना मध्यम प्रतीचा प्रोसेसर पुरतो. विलंब होतो तो अन्यत्र. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे नुसत्या अर्ध्या फेऱ्याला सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या अवधीत ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर एक कोटीहून अधिक ठोके मोजून मोकळा होतो. एसएसडीमध्ये फिरणारी तबकडीच नसते. तेव्हा वरच्या श्रेणीचा प्रोसेसर आणि हार्ड डिस्क या जोडीपेक्षा मध्यम प्रोसेसर आणि एसएसडी ही जोडी कार्यालयीन कामास अधिक उपयुक्त ठरते.

रॅमच्या बाबतीतही हाच विवेक हवा. या कामांसाठी ८ जीबी रॅम ही किमान मर्यादा समजावी. बहुतेक मदरबोर्डांवर रॅमसाठी दोन मार्ग असतात. एका ८ जीबीच्या पट्टीऐवजी ४ जीबीच्या दोन समान पट्ट्या बसविल्यास माहितीच्या ने-आणीस दोन्ही मार्ग मिळतात. मात्र मदरबोर्डवर दोनच खाचा असतील आणि पुढे रॅम वाढविण्याचा विचार असेल, तर एकच पट्टी घेऊन दुसरी खाच मोकळी ठेवणे शहाणपणाचे होय.

काही घटक तर परस्परांशी जुळतच नाहीत. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्ही प्रकारच्या डेस्कटॉप रॅमला २८८ टोके असतात. परंतु पट्टीवरील खाच वेगळ्या जागी असल्याने एकीच्या ठिकाणी दुसरी बसत नाही. इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या क्रमांकाअखेरीस केवळ ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात चित्रदर्शनाची अंगभूत सोय नसते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घेतले नाही, तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. थोडी किंमत वाचविण्यासाठी असा प्रोसेसर घेणे अंगाशी येते.

खेड्यापाड्यांत विजेचा प्रश्नही ध्यानात घ्यावा लागतो. ६०० व्होल्ट-अँपियरचा यूपीएस ६०० वॉटचा भार उचलतो, असा समज आढळतो. प्रत्यक्षात अशा अनेक यूपीएसची मर्यादा ३६० वॉटच्या आसपास असते. त्यावर संगणक व मॉनिटर चालवावा. लेझर प्रिंटर जोडू नये, कारण तापताना तो एकदम मोठा प्रवाह ओढतो.

संगणकप्रणालीचा मेळही तितकाच आवश्यक आहे. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व मान्यताप्राप्त प्रोसेसर लागतो. स्वस्तात मिळणारा जुना संच घेण्यापूर्वी हे तपासावे. जे जुने संच या अटींत बसतात, त्यांत एसएसडी व पुरेशी रॅम घातली, तर नव्या खरेदीचा खर्च काही काळ टळू शकतो.

या सर्वांचा अर्थ एवढाच, की मागणीपत्रात केवळ प्रोसेसरचे नाव लिहून भागत नाही. रॅमचा प्रकार, पट्ट्यांची संख्या व मोकळ्या खाचा, एसएसडीची क्षमता, यूपीएसची वॉटमधील मर्यादा आणि हमीची मुदत या बाबी स्पष्ट लिहाव्यात. माल ताब्यात घेताना संगणक सुरू करून पडद्यावरील माहिती मागणीपत्राशी ताडून पाहावी आणि मगच पोचपावती द्यावी.

३५ मिनिटांच्या तासिकेतील ५ मिनिटे संगणक सुरू होण्यात गेली, तर विद्यार्थ्यांच्या वाट्याचा सातवा हिस्सा बुडतो. दाखल्यासाठी मजुरी बुडवून आलेल्या माणसाचा खोळंबा तर कोणत्याच हिशेबवहीत नोंदला जात नाही. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या संगणकाचे मोल अखेर या दोघांच्या वाचलेल्या वेळावरूनच ठरणार आहे.