कोर्लईची 'आमची भाषा'



गव्हाणच्या खाडीकांठची आगरी-कोळ्यांची बोली प्रथमच ऐकणारा पुणेकर क्षणभर गोंधळतो. तथापि ती मराठीच. याच रायगड जिल्ह्यांत, रेवदंड्यापलीकडील कोर्लई गांवीं मात्र ख्रिस्ती घरांतून निराळीच भाषा ऐकूं येते. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज, आणि वाक्याची ठेवण मराठी! बोलणारे सुमारें हजार. ते तिला 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात.

पोर्तुगीजांत क्रियापद कर्माच्या आधीं येतें. कोर्लईकर तें आपल्याप्रमाणें शेवटीं ठेवतात. मराठी क्रियापद उसनें घेतलें तर त्यास उकारान्त करून स्वतंत्र गणांत बसवितात. ही व्यवस्था कोणा पंडितानें लावून दिलेली नाहीं, हें ध्यानांत घ्यावें.

हिच्या बहिणी उत्तरेस वसई, वांद्रें, माहीम येथें नांदत होत्या. १७३९ सालीं वसई व पुढील वर्षीं चौल मराठ्यांकडे आलें, तरी त्या बोली लगेच मेल्या नाहींत. गोमंतकीय पंडित मोन्सेन्योर दालगादो यांनीं १९०६ मध्यें त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. पण मुंबईंत नोकरी इंग्रजीची होती. १८८७ सालीं तेथील ख्रिस्ती मंडळींनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें. गोव्याहून येणाऱ्यांपासून आपण वेगळे, हें इंग्रज सरकारास दिसावें म्हणून. अशा घरांत पोर्तुगीज वळणाची बोली कोण जपणार? मराठी व इंग्रजी राहिल्या; ती गेली. कोचीनकडील बहीण तर अलीकडेच गेली: तिचे शेवटचे अस्खलित भाषक विल्यम रोझारिओ २० ऑगस्ट २०१० रोजीं वारले.

मेक्सिकोंत असेंच घडलें. १९१२ सालीं फ्रान्झ बोआस पोचुतला येथें गेले, तेव्हां नाहुआ कुळांतील तेथली भाषा मोजक्या वृद्धांच्या स्मरणांतच होती. त्यांनीं टिपलेले शब्द हाच आज तिचा मुख्य आधार. त्याच कुळांतली नाहुआत्ल आजही लाखों लोक बोलतात. पण पोचुतलाच्या आजीबाई नातवंडांवर कशा रागावत, हें तीवरून कळावयाचें नाहीं.

कोर्लईची बोली वांचली ती आडबाजूमुळें. शेजारी निराळ्या धर्माचे, सोयरीक बहुधा गांवांतल्या गांवांत. आतां खाडीवर पूल आहे, मुलें मराठी शाळेंत जातात, तरुण नोकरीसाठीं बाहेर पडतात. पूल नको, शाळा नको, असें कोण म्हणेल? मात्र दालगादोंच्या वेळीं उत्तरेकडील घरांतही आजीची भाषा आईपर्यंत पोंचली होती. कोर्लईंत आज ती नातवंडांच्याही तोंडीं आहे.