प्लेगचे क्रूस
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिली म्हणजे आनंदाचा सोहळा. अशा मंगल प्रसंगीं महामारीची आठवण काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु आमच्या वाडवडिलांनींच आपल्या दुःखाची खूण घरांत न लपवितां भर रस्त्यावर उभी केली आहे. मुंबईंत वांद्रें, गिरगांव वगैरे भागांत गल्लीच्या तोंडाशीं जे क्रूस दिसतात, त्यांपैकीं पुष्कळ १८९६ सालीं सुरू झालेल्या प्लेगच्या काळचे आहेत. कांहीं त्याहूनहि जुने आहेत. पण आम्हांस आज बोलावयाचें आहे तें प्लेगच्या क्रुसांविषयीं.

त्या वर्षाच्या सप्टेंबरांत मांडवी भागांत गांठीच्या तापाचे रोगी आढळले. हा प्लेगच होय असें निदान करणारे डॉक्टर अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस हे गोमंतकांतील हडफडें गांवचे, आपल्याच धर्माचे गृहस्थ. पुढें जानेवारी १८९७ मध्यें डॉक्टर हाफकिन यांनीं मुंबईंतच प्लेगची लस तयार केली व प्रथम स्वतःस टोंचून घेतली. हें मुद्दाम सांगण्याचें कारण इतकेंच कीं, श्रद्धा म्हणजे औषधाकडे पाठ फिरविणें असा समज आपल्यांतहि अधूनमधून डोकें वर काढतो.

शहर सोडून लाखों लोक पळाले. जे राहिले त्यांस रोगाइतकीच तपासणीच्या पथकांची धास्ती. रोगी एकदां इस्पितळांत नेला म्हणजे तो परत दिसेल याचा भरंवसा नसे. अशा दिवसांत गल्लीगल्लींतील शेजारी क्रुसापाशीं जमून जपमाळ व लितानी म्हणूं लागले.

संकट टळल्यावर कृतज्ञतेनें स्मारक उभारणें सोपें असतें. परंतु प्लेग एका वर्षांत गेला नाहीं. तो मुंबईंत पुढें कित्येक वर्षें पुन्हां पुन्हां येत राहिला. क्रुसानें आमची गल्ली राखली असें सांगणारीं वृद्ध माणसें असतात, आणि त्यांच्या भक्तीचा आम्ही आदर करतों. तथापि ज्यांचा नवस फळला नाहीं, त्यांचें काय? आज क्रुसापुढें गुडघे टेकावे, उद्यां आपलें लेंकरूं मातीआड करावें आणि संध्याकाळीं पुन्हां तेथेंच यावें, असें ज्यांच्या नशिबीं आलें, त्या मातांची आशा खोटी होती काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या प्रभूपुढें त्या बसत, त्यानेंहि क्रुसावरून पित्यानें आपणांस कां टाकिलें असा टाहो फोडिला होता. आपलें दुःख ज्याला परकें नाहीं अशापाशीं त्या बसत होत्या, आणि शेजारीण जवळ होती. मूल वांचेल ही एक आशा. मेलेलें मूलहि देवाच्या हातांतून निसटलेलें नाहीं ही दुसरी. ही दुसरी आशा पहिली मोडल्यावरहि उरते. तिच्यावरच गल्ल्या तगल्या.

सेवेचा मक्ता मात्र आपलाच होता असें कोणीं समजूं नये. पुण्यास सावित्रीबाई फुले यांनीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं देह ठेविला. भल्या शोमरोनी माणसाचा दृष्टांत ज्यानें मन लावून ऐकला असेल, त्यास याचें नवल वाटणार नाहीं.

मार्च २०२० मध्यें आपल्या पिढीवरहि तीच पाळी आली. ख्रिस्तमंदिरांचीं दारें लागलीं. २७ मार्चच्या संध्याकाळीं रोम येथें संत पेत्राच्या ओसाड चौकांत, पाऊस पडत असतां, पोप फ्रान्सिस यांनीं जगासाठीं प्रार्थना केली, ती वादळांतील शिष्यांच्या होडीची आठवण देऊन. त्या वेळीं तेथें जो क्रूस आणून ठेविला होता, तोच १५२२ सालच्या प्लेगमध्यें रोमच्या रस्त्यांतून मिरवीत नेला होता. तोहि प्लेगचा क्रूसच.

आपल्या धर्मग्रामांत मात्र त्या काळचें एक ऋण अद्याप फिटलेलें नाहीं. कित्येकांस आपण चार माणसांनिशीं, कित्येकांस तर तोंडहि न पाहतां निरोप दिला. मंदिर उघडल्यावर जो तो आपल्या कामास लागला, आणि त्यांच्या घरच्यांचें रडणें घरांतच राहिलें. म्हणून ठरलें आहे कीं, ज्युबिलीच्या सायंकालीन मिस्सानंतर सर्वांनीं रस्त्यावरील क्रुसापाशीं जावें, आणि तेथें लितानीपूर्वीं त्या सर्वांचीं नांवें एकेक करून वाचावींत. ज्यांनीं अद्याप नांवें दिलीं नसतील, त्यांनीं तीं सभा संपल्यावर धर्मगुरूंकडे लिहून द्यावींत. रोग कोणता होता, हें लिहिण्याची गरज नाहीं.