धोका नेमका कुठे?

कोविडसारख्या साथीच्या काळात कामावर जाताना मनात भीती असते. पण कोणत्या गोष्टीला किती घाबरायचं, हे ठरवता येतं.

मार्च २०२०. दक्षिण कोरियातल्या सोल शहरातली १९ मजली इमारत. अकराव्या मजल्यावरच्या कॉल सेंटरमध्ये २१६ माणसं काम करत होती. त्यांपैकी ९४ जणांना कोविड झाला. त्यांतले बहुतेक जण मजल्याच्या एकाच बाजूला, शेजारी शेजारी बसून दिवसभर फोनवर बोलणारे होते. लिफ्ट आणि तळमजल्यावरचं दालन सगळ्यांचं एकच. तरीही इतर मजल्यांवर फक्त तीन रुग्ण सापडले.

यातून शिकायचं ते हे, की क्षणभराच्या ओझरत्या भेटीपेक्षा बंद खोलीत, जवळ बसून, तासन्‌तास बोलण्यात धोका कितीतरी जास्त असतो.

म्हणून सगळी शक्ती टेबलं पुसण्यात घालवू नका. स्पर्शाच्या धोक्यासाठी हात साबणानं धुणं पुरेसं आहे; खरी काळजी बंद खोलीतल्या हवेची घ्या. खिडक्या उघड्या ठेवा. बैठक आटोपशीर घ्या, मास्क नाकावरून खाली सरकू देऊ नका. जेवताना मास्क उतरतोच, तेव्हा डबा मोकळ्या हवेत, अंतर ठेवून खा.

आणि मालकवर्गाला कळकळीची विनंती: ताप असलेल्या माणसाची रजा मंजूर करा, त्याचा पगार कापू नका. रोजंदारी बुडण्याच्या भीतीनं आजारी माणूस कामावर आला, तर बाकीची सारी काळजी वाया जाते.