खेळांतला देव

संगणकावरील खेळांत एक प्रकार असा आहे कीं, त्यांत खेळणारा योद्धा नसून साक्षात् देव असतो. इंग्लंडांतील पीटर मॉलिन्यू व त्यांच्या बुलफ्रॉग संस्थेनें १९८९ सालीं काढलेला ‘पॉप्युलस’ हा ह्या जातीचा प्रसिद्ध खेळ होय. त्यांतील देवाला मनुष्यांस हवें तसें हांकतां येत नाहीं. तो जमीन सपाट करतो. भक्त तीवर घरें बांधतात. भक्त वाढले म्हणजे देवाचें सामर्थ्य वाढतें, आणि मग शत्रूच्या मुलखांत भूकंप घडवितां येतो. भक्तांवांचून हा देव दुबळाच!

पुढें २००१ सालीं मॉलिन्यू यांच्याच लायनहेड संस्थेनें ‘ब्लॅक अँड व्हाइट’ काढला. त्यांत गांवकऱ्यांस जपावें कीं छळावें, हें खेळणाऱ्यानें ठरवावयाचें. त्याप्रमाणें त्याच्या देवळाचें रूप सौम्य किंवा उग्र होत जातें.

जाब विचारणारा कोणी नसतां मनुष्य कसा वागतो, हीच त्याच्या स्वभावाची परीक्षा. म्हणून मुलांच्या हातून हा खेळ हिसकावूं नये. खेळ आटोपल्यावर एवढेंच विचारावें, “बाळ, आज तुझ्या राज्यांत लोक सुखी होते ना?”