ब्लूबेरी की करवंद? आपल्या उन्हात टिकणारी फळझुडपं

आजचा विषय एका प्रश्नावरून घेतलाय. रील बघून तीन-चार जणांनी विचारलं, "दादा, आपल्या आष्टीत ब्लूबेरी येईल का?" मी बीटेक करून पुण्यात कोड लिहितो, शेतीतला तज्ज्ञ नाही. पण आमचं वावर आष्टीजवळ आहे आणि धुऱ्यावर काय लावायचं हा प्रश्न आमच्या घरातही आहे, म्हणून नीट माहिती काढली.

आधी रिक्वायरमेंट बघू. उत्तरेकडच्या थंड देशांत झुडूप निवडताना पहिला प्रश्न असतो, हिवाळ्यात किती थंडी सोसेल? हॅस्कॅप नावाचं झुडूप तर उणे 40 अंशातही जगतं. तिकडच्या ब्लूबेरीला फळ धरण्यासाठी हिवाळ्यात 7 अंशांखालचे साधारण 800 ते 1000 तास लागतात. शिवाय माती आम्लधर्मी पाहिजे, सामू 4.5 ते 5.5. आपली काळी माती नेमकी उलटी, चुनखडीची. थंडीही तेवढी नाही. म्हणजे ती जात इथे लावणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

आपला प्रश्न वेगळा आहे. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा 45 च्या पुढे जातो, विहीर तळाला जाते आणि जे काही पाणी उरतं ते संत्र्याला लागतं. मग उरलेल्या जागेत कमी पाण्यावर काय जगेल? माझ्या मते तीन नावं आहेत.

पहिलं करवंद. सदाहरित, काटेरी, एकदा रुजलं की पाण्यावाचून तग धरतं. तीन-तीन फुटांवर लावलं तर दाट कुंपण होतं. गुरं अडतात, पण रोही आणि रानडुकरासाठी एकट्या करवंदावर भरवसा ठेवू नका. कच्च्याचं लोणचं, पिकलेलं तसंच खायचं. बी ताजंच पेरा, ठेवून दिलं की उगवण पटकन कमी होते. पाणी साचणाऱ्या जागी लावू नका.

दुसरं फालसा. काटा नाही. डिसेंबर-जानेवारीत छाटलं की नव्या फांदीवर फळ येतं आणि ऐन उन्हाळ्यात पिकतं. सरबत एक नंबर! पण फळं एकदम पिकत नाहीत, पुन्हा पुन्हा तोडावी लागतात, आणि तोडल्यावर एक-दोन दिवसच टिकतात. फळ भरताना थोडं पाणीही द्यावं लागतं. म्हणून लांबच्या बाजारासाठी नाही, घराजवळ बरं.

तिसरं बोर. याची युक्ती मला सगळ्यात आवडली. कडक उन्हाळ्यात ते पानं गाळून झोपतं, पावसाळ्यात वाढतं, पावसाच्या शेवटी फुलतं आणि हिवाळ्यात फळ देतं. म्हणजे पाण्याची ओढ असते तेव्हा त्याची मागणीच नसते. मूळ खोल जातं, म्हणून गावठी बी जागेवरच लावून त्यावर उमरान किंवा मेहरूणचा डोळा भरून घ्या. छाटणी एप्रिलच्या शेवटी. फळमाशीवर मात्र लक्ष ठेवावं लागतं, किडकी बोरं गोळा करून नष्ट करा.

आता खरी अडचण. मी पुण्यात, वावरात आई-बाबा, दोघंही साठीच्या पुढे. मी फोनवर करवंदाचं कौतुक सुरू केलं, तर आई म्हणाली, "लाव, पण काट्यात तोडाले कोन जाईन रे?" हा कॉलम माझ्या एक्सेल शीटमध्ये नव्हताच, आणि खरं तर सगळं त्यावरच ठरतं.

म्हणून आमचं असं ठरलंय. बाहेरच्या धुऱ्यावर करवंद, ते मुख्यतः कुंपणासाठी. फळ मिळालं तर बोनस. घरामागे, आईच्या हाताला येतील अशी चार फालशाची झाडं. बोराची दोनच, कोपऱ्यात, कारण सावली मोठी पडते.

तुम्ही लावणार असाल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागेल, 'काटक' म्हणजे पहिल्या दिवसापासून काटक नव्हे. रोपं सरकारी किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत विचारून घ्या. आणि ऑर्डर करण्याआधी घरी एक फोन करा, तोडणार कोण ते विचारा.

तुमच्या धुऱ्यावर काय टिकलंय? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!