परतविलेला वार

तलवारींचीं युद्धें इतिहासजमा झालीं, तरी तलवारीचा मोह माणसाच्या मनांतून गेलेला नाहीं. लहान मुलाच्या हातीं काठी आली, कीं घटकाभर तिची तलवार होते आणि परसांतला कर्दळीचा ताटवा शत्रुसैन्य ठरतो. जपानांतील नाम्को कंपनीनें या पुरातन मोहाला विसाव्या शतकाच्या अखेरीस एक नवें रूप दिलें. टीव्हीच्या पडद्यावर दोन योद्धे, प्रत्येकाच्या हातीं आपआपलें शस्त्र, आणि त्यांना चालविणारीं दोन माणसें पडद्यासमोर मांडीला मांडी लावून बसलेलीं, असें तें रूप होय. या खेळमालेंतील 'सोलकॅलिबर दोन' हा व्हिडिओ खेळ इ. स. २००३ मध्यें घरोघरच्या कन्सोलवर आला. त्या खेळांत शिकण्यासारखें काय होतें, आणि तें शिकावयास शेजारीं माणूस कां लागत असे, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. या घराण्याचा मूळपुरुष 'सोल एज' हा खेळ. तो आधीं आर्केडांत, म्हणजे नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रांच्या दुकानांत, आला आणि इ. स. १९९६ च्या अखेरीस सोनी कंपनीच्या प्लेस्टेशनवर अवतरला. इ. स. १९९८ मध्यें त्याचा वारस 'सोलकॅलिबर' आर्केडांत आला, व पुढल्याच वर्षीं तो सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या घरगुती यंत्रावर निघाला. दुकानांतील यंत्र थोरलें आणि घरचें धाकटें, अशी तोंवर बहुधा रीत होती. दुकानांतला खेळ घरीं यावयाचा तो कांहीं ना कांहीं गमावूनच यावयाचा. सोलकॅलिबरनें ही रीत उलटी केली. घरची आवृत्ति मूळ खेळाहून देखणी निघाली, आणि 'फामित्सु' या जपानी नियतकालिकाच्या परीक्षकांनीं तिला ४० पैकीं ४० गुण दिले.

पुढें इ. स. २००१ मध्यें सेगानें ड्रीमकास्टचें उत्पादनच थांबविलें. साहजिकच दुसऱ्या सोलकॅलिबरला नवीं बिऱ्हाडें शोधावीं लागलीं. इ. स. २००२ मध्यें आर्केडांत येऊन तो पुढील वर्षीं तीन निरनिराळ्या यंत्रांवर दाखल झाला : सोनीचें प्लेस्टेशन २, निन्टेन्डोचें गेमक्यूब आणि मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स. प्रत्येक बिऱ्हाडीं एक खास पाहुणा होता. गेमक्यूबवर निन्टेन्डोच्याच 'झेल्डा' मालेंतील लिंक, एक्सबॉक्सवर अमेरिकन चित्रकथेंतील स्पॉन, आणि प्लेस्टेशनवर नाम्कोच्या 'टेकन' खेळांतील म्हातारा हेइहाचि. त्यामुळें ज्याच्या घरीं लिंक असे, त्याच्याकडे स्पॉनवाल्याला मुद्दाम खेळावयास जावें लागे. व्यापाऱ्यांची ही युक्ति होती खरी, पण तिनें शेजाऱ्यापाजाऱ्यांत जाणेंयेणेंहि वाढविलें असेल.

खेळाची कथा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील आहे. 'सोल एज' ही एक शापित तलवार. जो तिला हातीं धरील, त्याचाच आत्मा ती गिळते. तिचा प्रतिकार करणारी पवित्र तलवार ती 'सोलकॅलिबर'. या दोहोंच्या शोधांत नाना देशींचे योद्धे निघालेले आहेत. मित्सुरुगी हा जपानी खड्गधारी बंदुकीपुढें हार खाल्लेला वीर आहे, आणि बंदुकीवर मात करील असें शस्त्र तो धुंडाळीत असतो. या कल्पनेला इतिहासाचा आधार आहे. इ. स. १५४३ मध्यें पोर्तुगीजांबरोबर तोड्याची बंदूक जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोंचली, आणि त्यानंतर कांहीं दशकांतच तेथील युद्धाची रीत पालटली. इंग्लंडच्या आयव्हीजवळ अशी तलवार आहे, कीं जिचीं पातीं सुटून तिचा चाबूक होतो. ॲस्टारॉथ नांवाच्या राक्षसाचा परशु माणसाएवढा आहे. आग्नेय आशियांतील एका मुलीचें नांव आहे तालिम. मराठी कानाला तें ऐकून आखाड्याची आठवण होईल. पण फिलिपिन बेटांतील टागालोग भाषेंत त्या शब्दाचा अर्थ शस्त्राची धार असा आहे.

हिंदुस्थानचा वारसा मात्र या खेळांत निराळ्याच ठिकाणीं सांपडतो. एका मठांत वाढलेला किलिक नांवाचा तरुण काठीनें लढतो, आणि त्या काठीचें नांव आहे 'कलियुग'. त्याच्याजवळ जो पवित्र आरसा आहे, तो 'द्वापरयुग'. झ्यांगह्वा या चिनी तरुणीकडे वारशानें आलेली त्याच मठाची तलवार 'कृतयुग'. चार युगांपैकीं तीन त्या मठाच्या वाट्याला आलीं, त्रेतायुग तेवढें राहिलें! व्होल्डो हा आंधळा व मुका रखवालदार दोन्ही मुठींत जीं शस्त्रें धरतो, त्यांचीं नांवें 'मनस्' आणि 'आयुस्'. तें शस्त्र दुसरें तिसरें कांहीं नसून कट्यार आहे. कट्यारीची मूठ आडवी असते. ती वळलेल्या मुठींत धरली, कीं पातें बोटांच्या पेरांपुढें सरळ येतें आणि ठोसा मारावा तसें तें खुपसतां येतें. दक्षिणेंतील शस्त्रागारांत जी कट्यार टांगलेली दिसते, ती जपानी कारागिरांच्या कल्पनेंतून फिरून अशी एका इटालियन पात्राच्या हातीं गेली.

आतां खेळण्याची पद्धति. कंट्रोलरवरील चार बटणें मुख्य आहेत. एक आडव्या वाराचें, दुसरें उभ्या वाराचें, तिसरें लाथेचें आणि चौथें बचावाचें. योद्ध्याला आठहि दिशांनीं मोकळेपणीं पावलें टाकतां येतात. उभा वार मोठा जबर, परंतु जो चटकन् बाजूला सरतो त्याला तो लागत नाहीं. बाजूला सरणाऱ्याला आडवा वार गांठतो. पण उंचावरून आलेला आडवा वार खालीं बसणाऱ्याच्या डोक्यावरून निघून जातो. खालीं बसणाऱ्यावर उभा वार कोसळतो. नुसता बचाव धरून जो उभा राहतो, त्याला पकडून आपटतां येतें; आणि पकड चुकवावयाची तर पुन्हां खालीं बसणें प्राप्त होतें. याप्रमाणें प्रत्येक डावाला उतारा आहे, आणि त्या उताऱ्यालाहि उतारा आहे. शिवाय रिंगणाची कड उघडी असेल, तर तेथून खालीं पडलेला योद्धा कितीहि धडधाकट असला तरी ती फेरी हरतो.

या सर्वांचा मुकुटमणि म्हणजे वार परतविणें. बचावाचें बटण दाबून धरलें, तर वार अडतो. परंतु वार अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणीं तेंच बटण दिशेसह दाबलें, तर वार अडत नाहीं, तो परततो. शस्त्रावर शस्त्र खणकन् आदळतें, आणि ज्यानें वार केला तोच क्षणमात्र उघडा पडतो. खेळांत याला 'गार्ड इम्पॅक्ट' म्हणतात. पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळां पालटतें, आणि परतविण्याची संधि त्यांतल्या थोडक्याच चित्रांपुरती असते. बटण लवकर दाबलें तर फुकट गेलें, उशिरा दाबलें तर वार लागला. वार परतविणारा निर्धास्त झाला, तर ज्याचा वार परतला तोहि पुढचा वार परतवूं शकतो. फरी-गदका खेळलेल्या माणसाला हें मर्म सांगावें लागणार नाहीं. डोळा प्रतिस्पर्ध्याच्या शस्त्रापेक्षां त्याच्या मनावर ठेवावा लागतो.

तें मन कोठें वाचावयाचें? येथें घरच्या खेळाचा प्रश्न येतो. दुकानांतील यंत्राचा कायदा कडक असे. जिंकणारा जागेवर राही. हरणाऱ्यानें पुन्हां नाणें टाकावें किंवा बाजूला व्हावें. तेथें हरण्याला पैसे पडत, म्हणून नवखा माणूस नवें कांहीं करून पाहण्यास कचरे. घरीं हरणें फुकट झालें. पण फुकट झालें म्हणून सोपें झालें, असें मात्र नव्हे.

एक घर डोळ्यांपुढें आणावें. तें ओसाकांतील असो अथवा कॅलिफोर्नियांतील. थोरला भाऊ सतरा वर्षांचा, धाकटा तेरा. थोरला मित्सुरुगीला घेतो. धाकटा ॲस्टारॉथला, कारण ज्याचें शस्त्र मोठें तो जिंकणार असा त्याचा हिशेब आहे. तो उभ्या वाराचें बटण बडवीत सुटतो. थोरला शांतपणें बाजूला सरतो आणि त्याला कापून काढतो, किंवा रिंगणाच्या कडेला नेऊन खालीं लोटतो. दहा डाव होतात, दहाहि थोरल्याचे. अकराव्याला धाकटा कंट्रोलर जमिनीवर टाकून उठून जातो, आणि दुसऱ्या दिवशीं बोलावलें तरी येत नाहीं.

थोरल्याला संगणकाशीं खेळतां येतें. तो दोन दिवस खेळतोहि. पण संगणक हरला तर चिडत नाहीं आणि जिंकला तर हसत नाहीं. तिसऱ्या दिवशीं तो धाकट्याला म्हणतो, "ये. मी एकच वार पुन्हां पुन्हां मारतों. तूं मारूं नकोस, फक्त परतव." धाकटा कुरकुरत बसतो. वार लागतो, पुन्हां लागतो, विसाव्या वेळींहि लागतो. एकविसाव्या वेळीं खणकन् आवाज होतो. दोघेहि पडद्याकडे न पाहतां एकमेकांकडे पाहतात.

त्यानंतर धाकट्याचा खेळ पालटतो. तो कमी मारूं लागतो आणि अधिक पाहूं लागतो. मोठा वार करण्यापूर्वीं थोरला श्वास धरतो, हें त्याच्या ध्यानांत येतें. तें पडद्यावर दिसत नाहीं, शेजारीं बसलेल्यालाच कळतें. आणि एके रात्रीं थोरल्याचा नेमका तोच वार परततो, पाठोपाठ परशु पडतो, आणि थोरला हरतो. पहिल्या क्षणीं त्याचा चेहरा उतरतो. आपणच शिकविलेल्या डावानें हरणें गुरूलाहि गोड लागत नाहीं. मग तो म्हणतो, "पुन्हां." धाकट्याला हवें होतें तें हेंच. ज्याच्या हरण्याला कांहीं किंमत नव्हती, त्याच्याशीं आतां थोरला मन लावून खेळणार होता.

शस्त्रांचा खेळ मुलांना क्रूर करील, असा आक्षेप सुज्ञ पालक घेतात, आणि तो हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. अमेरिकेंत या खेळाला तेरा वर्षांपुढील मुलांसाठीं असें मानांकन मिळालें होतें, आणि तें पाळणेंच योग्य. पडद्यावर रक्त नाहीं, छिन्नविच्छिन्न देह नाहींत. वार लागला कीं प्रकाश चमकतो एवढेंच. परंतु घरांत जो खरा घाव बसण्याचा संभव असतो, तो पडद्याबाहेरचा. बलवानानें दुबळ्याला रोज हरवून आनंद मानावा, हा तो घाव होय. त्याविषयीं खेळानेंच एक इशारा देऊन ठेवलेला आहे. एकट्यानें खेळावयाच्या 'वेपन मास्टर' या विभागांत मोहिमा जिंकून, सोनें मिळवून, नवीं नवीं शस्त्रें घेतां येतात. त्यांत शापित सोल एजचेंहि रूप आहे. त्याचा वार फार जबर. पण तें हातीं असतांना धारकाचेंच बळ हळूहळू झिजत राहतें.

घरच्या यंत्रावरील खेळाला प्रतिष्ठाहि लाभली. अमेरिकेंतील 'एव्हो' या नामांकित स्पर्धेनें इ. स. २००४ मध्यें आर्केडांतील यंत्रें बाजूला ठेवून सर्व सामने घरगुती कन्सोलांवर घेतले, आणि त्यांत सोलकॅलिबर दोनचाहि समावेश होता. जी विद्या दुकानांत नाणीं मोजून मिळे, ती बैठकीच्या खोलींतहि पुरी शिकतां येते, हें त्यानें सिद्ध झालें.

इ. स. २००३ च्या आवृत्तींत दूरच्या माणसाशीं खेळण्याची सोयच नव्हती. ती पुढें इ. स. २०१३ मध्यें नव्या यंत्रांसाठीं काढलेल्या आवृत्तींत आली. ही सोय थोर आहे, यांत शंका नाहीं. परगांवीं शिकावयास गेलेला भाऊ तिच्यामुळें रात्रीं पुन्हां समोर उभा राहतो. परंतु तारांतून येणारा वार किंचित् उशिरानें पोंचतो, आणि जेथें सेकंदाच्या साठाव्या भागाचा हिशेब आहे, तेथें तेवढा उशीरहि परतविणाऱ्याचा हात चुकवितो. शिवाय, श्वास धरलेला त्याला ऐकूं येत नाहीं.

म्हणून ज्या घरीं असा खेळ असेल, तेथील वडील माणसांनीं केवळ घड्याळाकडे पाहून मुलांना उठवूं नये. एखादे वेळीं शेजारीं बसून दुसरा कंट्रोलर हातीं घ्यावा. आरंभीं हार खावी लागेल. ती खुशाल खावी. वडिलांना हरतांना पाहणें, आणि हरल्यावर "पुन्हां" म्हणतांना ऐकणें, हें मुलाला दुसऱ्या कोणत्याहि खेळयंत्रांतून मिळणार नाहीं.